रेणवीय इलेक्ट्रॉनिकी : सिद्धांत, मापन आणि विश्वासार्हता

एकच रेणू एकदिशकारकाचे कार्य करू शकेल, असा सिद्धांत आरी अविराम व मार्क रॅटनर यांनी १९७४ मध्ये मांडला. तथापि, एकेका रेणूला विद्युतमंडलात जोडण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९९७ मध्ये मार्क रीड, जेम्स टूर व सहकाऱ्यांनी सोन्याच्या दोन टोकांमध्ये बेंझीन-डायथायॉल बसवून विद्युतवहन मोजले. २००१ मध्ये बेल प्रयोगशाळेतील यान हेन्ड्रिक शोन यांनी रेणवीय ट्रान्झिस्टरचा दावा केला. ‘नेचर’ने तो प्रसिद्ध केला, परंतु इतर प्रयोगशाळांना तसे निष्कर्ष मिळेनात. भिन्न प्रयोगांचे आलेख एकसारखे आढळले आणि २००२ मध्ये चौकशी समितीने त्यांना दोषी ठरविले. सारांश, परीक्षकांची मान्यता ही संशोधनाची पहिली पायरी होय. अंतिम कसोटी पुनःप्रयोगाचीच असते.