गरिबाची टोपली आणि सरकारची नजर

सरकारी मदतीवर पोट भरणाऱ्या मनुष्यानें गोड सोडावॉटर प्यावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. आपल्याकडे शिधावाटपाच्या दुकानांतून प्रत्यक्ष धान्यच मिळत असल्यामुळें तो फारसा उद्भवतही नाहीं. अमेरिकेंत मात्र ही मदत खरेदीच्या अधिकाराच्या रूपानें दिली जाते, आणि त्या अधिकाराच्या मर्यादेवर तेथें साठ वर्षांहून अधिक काळ वाद चालला आहे.

या पद्धतीचा आरंभ १६ मे १९३९ रोजीं न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर शहरीं झाला. मंदीचे दिवस होते. शेतकऱ्याच्या मालास गिऱ्हाईक नव्हतें आणि शहरांतला बेकार अर्धपोटीं होता. शेतकीमंत्री हेन्री वॉलेस यांच्या खात्यानें दोन रंगांचीं तिकिटें काढलीं. मदतीवरील कुटुंबानें आपल्या नेहमींच्या अन्नखर्चाइतकीं नारिंगी तिकिटें रोखीनें घ्यावयाचीं. दर डॉलरामागें अर्ध्या डॉलराचीं निळीं तिकिटें त्यास फुकट मिळत. नारिंगीवर वाटेल तें अन्न घेतां येई. निळ्यांवर मात्र सरकारनें ‘शिल्लक’ म्हणून जाहीर केलेलाच माल मिळे. लोणी, अंडीं, सुका आलुबुखार हे त्यांतलेच जिन्नस. ते पौष्टिक होते हें खरें. पण यादींत ते शिरले ते पौष्टिक म्हणून नव्हे, तर खपत नव्हते म्हणून! गरिबाच्या ताटाची काळजी आणि बाजारभावाची काळजी यांची गांठ अशी आरंभींच पडली. युद्धामुळें शिल्लकही सरली व बेकारीही हटली, तेव्हां १९४३ सालीं योजना बंद झाली.

१९६१ त अध्यक्ष केनेडी यांनीं तिचें पुनरुज्जीवन केलें. पहिलीं तिकिटें वेस्ट व्हर्जिनियांतील मॅकडॉवेल परगण्यांत, कोळशाच्या खाणींच्या मुलखांत, वापरलीं गेलीं. पुढें १९६४ त रीतसर कायदा व्हावयाचा होता, आणि खरा वाद तेथें पेटला. प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यानें शीतपेयें व चैनीचे खाद्यपदार्थ वर्ज्य ठरविले होते. सीनेटांत इलिनॉयचे पॉल डग्लस यांनीं शीतपेयें वगळण्याची उपसूचना आणली. डग्लस हे कांहीं गरिबांचे वैरी नव्हते. योजनेचे ते कळकळीचे पुरस्कर्ते होते. त्यांची भीति निराळीच होती. सरकारी तिकिटांवर सोड्याच्या बाटल्या विकल्या गेल्या, तर विरोधक त्याच बाटल्या दाखवून एका उत्तम योजनेची बदनामी करतील, असें ते म्हणत. उपसूचना फेटाळली गेली, आणि अंतिम कायद्यांत दारू, तंबाखू व परदेशी माल एवढेंच काय तें निषिद्ध राहिलें.

ती कां फेटाळली गेली, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. गरिबासही आवडीनिवडी असतात, त्याच्या टोपलींत सरकारनें डोकावूं नये, या भूमिकेचा त्यांत फारसा वांटा नव्हता. चैन कशास म्हणावें व दुकानदारानें गल्ल्यापाशीं तें कसें ठरवावें, ही अंमलबजावणीची अडचण मुख्य होती. म्हणजे जें स्वातंत्र्य मिळालें तें आदरापोटीं नव्हे, कारकुनी गैरसोयीपोटीं. वास्तविक यादी करणें अशक्य होतें असेंही नाहीं. १९७२ त गरोदर स्त्रिया व लहान मुलें यांच्यासाठीं निराळी योजना मंजूर झाली, तींत दूध, अंडीं असे ठराविक पदार्थच मिळतात. आणि मूळ योजनेंतही एक गंमत आहेच. दुकानांत गरमागरम विकली जाणारी भाजलेली कोंबडी चालत नाहीं; तीच थंड करून विकली तर चालते!

२००४ त मिनेसोटा संस्थानानें गोळ्या-मिठाई व शीतपेयें वगळण्याची परवानगी मागितली. २०१० त न्यूयॉर्क शहरानें साखरेच्या पेयांपुरती मागितली. दोघांसही शेतकीखात्यानें नकार दिला. बाजारांत तीन लाखांहून अधिक खाद्यपदार्थ आहेत व दरसाल बारा हजारांची भर पडते, असें या खात्यानें २००७ त दाखवून दिलें होतें. पेयांच्या कारखानदारांसही हा नकार सोयीचाच होता, हें सांगावयास नकोच. २०१६ त खात्यानें एका मोठ्या दुकानदाराच्या विक्रीचे आंकडे प्रसिद्ध केले. मदत घेणारीं कुटुंबें किराण्यापैकीं सुमारें पांच टक्के रक्कम शीतपेयांवर खर्चीत, न घेणारीं सुमारें चार टक्के. हा एका टक्क्याचा भेद पाहिला म्हणजे या बाटल्यांचें व्यसन केवळ गरिबांचें आहे असें म्हणवत नाहीं. तें साऱ्या राष्ट्राचें आहे. साखरेचें पाणी अपायकारक आहे याविषयीं प्रस्तुत लेखकास शंका नाहीं. परंतु अपाय सर्वांचा असतां बंदी मात्र एकाच्याच टोपलीवर, यांत आरोग्यापेक्षां मानहानीचा अंश अधिक वाटतो.

गैरसोयीच्या आधारावर उभें असलेलें स्वातंत्र्य गैरसोय सरतांच डळमळूं लागलें. आतां गल्ल्यावरचें यंत्र मालावरील रेघा वाचून जिन्नस ओळखतें. मे २०२५ मध्यें नेब्रास्कास शीतपेयें वगळण्याची पहिली परवानगी मिळाली, आणि मागोमाग इतर संस्थानांसही. १ जानेवारी २०२६ पासून ज्या संस्थानांत बंदी अंमलांत आली, त्यांत वेस्ट व्हर्जिनियाही आहे. मॅकडॉवेल परगणा त्यांतलाच.