बुडाखालचा इतिहास

पुणे ते कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर. साताऱ्यापर्यंत मी माणूस असतो. कराड येईतो माझं फक्त माकडहाड उरलेलं असतं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "बाईक विकून का टाकत नाही?" घरी येऊन मी मोटरसायकलच्या सीटचा इतिहास वाचायला घेतला. (आमच्या धंद्यात दुरुस्तीआधी जुना कोड वाचायची खोड लागते.)

सुरुवात घोड्यापासून होते. जॉन बोल्टबी ब्रुक्सनं 1866 साली बर्मिंगहॅममध्ये घोड्याच्या चामडी सामानाचा धंदा काढला. कंपनीच सांगते ती गोष्ट अशी, की त्याचा घोडा मेला, त्यानं सायकल उसनी घेतली आणि तिच्या सीटनं त्याचा जीव नकोसा केला. 1882 साली त्यानं पेटंट घेतलं. लोखंडी चौकटीवर जाड चामडं झोळीसारखं ताणायचं, बस्स. पुढे मोटरसायकली आल्या तेव्हा खाली स्प्रिंगा असलेली चामडी सीट त्यांच्यावरही चढली. जुन्या बुलेटच्या फोटोंत ती एकेरी सीट दिसतेच.

या चामड्याची खुबी म्हणजे ते वापरता वापरता मालकाच्या बैठकीच्या दोन हाडांखाली नेमकं दबतं. आपली सायकल दुसऱ्या कुणी नेली तर आजोबांना बसल्याबसल्या कळायचं. तेव्हा आम्ही हसायचो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकालाच चांगलं सस्पेन्शन मिळालं आणि सीटखालच्या स्प्रिंगांची गरज उरली नाही. दोघांची लांब, सपाट सीट आली. तिच्या पोटात पुढे पॉलियुरेथेनचा फोम गेला. हे रसायन जर्मनीत ऑटो बायरनं 1937 साली शोधलं होतं. साच्यात ओतला की एकसारख्या हजारो सीटा तयार. स्वस्त, हलक्या, आणि कुणाच्याच मापाच्या नाहीत. मराठीत खोगीरभरती हा शब्द कौतुकानं वापरत नाहीत, ते उगाच नाही.

मग सीट बदलून देणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. अमेरिकेत माइक कॉर्बिननं साठच्या दशकाच्या अखेरीस तेच सुरू केलं. मला मात्र जास्त भिडला रॉबर्ट ग्रेबे. इलिनॉयमधल्या या इंजिनिअरनं सत्तरच्या दशकात व्हीलचेअरवरच्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून एकमेकींना जोडलेल्या हवेच्या फुग्यांची गादी बनवली. एका ठिकाणी दाब वाढला की हवा शेजारी सरकते. त्याच तत्त्वाच्या गाद्या आज लांब पल्ल्याचे बाईकवाले सीटवर बांधतात.

मी आधी मऊ जेलची गादी घेतली होती. चूक. माझी उंची सहा फूट, वजन 58 किलो. अंगची गादी शून्य. मऊ गोष्ट तासाभरात पूर्ण दबते आणि हाड थेट तळाला टेकतं.

शेवटी नाना पेठेतल्या एका सीटवाल्याकडे गेलो. त्यानं मला गाडीवर बसवलं, मागून पाहिलं, खडूनं दोन गोल काढले. "साहेब, तुम्ही डावीकडे कलून बसता." हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. खाली कडक रिबाँडेड फोम, वर पातळ मऊ थर, मांड्यांपाशी सीट निमुळती, मागे थोडी उंच. सुरीनं फोम कापताना त्यानं टेप एकदाही हातात घेतली नाही.

आता कराडला मी चहासाठी उतरतो. डाव्या बाजूला अजून किंचित टोचतं. शनिवारी परत जायचंय, त्यानं अर्धा इंच काढून देतो म्हटलंय.