गोधडीचा काठ कुणाच्या लुगड्याचा?

गेल्या आठवड्यात आमच्या शिवणगटात एक ताई तिच्या आईचं इरकली लुगडं घेऊन आली. मधोमध विरलेलं, पण काठ शाबूत. "हाच काठ गोधडीला लावायचा," असं ठरवून आलेली, पण कात्री हातात घेतल्यावर तिचाच हात थांबला. कापलं तर आईची आठवण गेली, ठेवलं तर पेटीत कसर लागणार. आमच्यातही दोन तट पडले. म्हणून आज या काठाचीच गोष्ट.

गोधडी आधी झिजते ती कडेला. पांघरूण ओढतो ते कडेला धरून, पिळतो तेही कडेपासून. तिथं बळकट कापड हवं, आणि लुगड्यात ते काठाला असतं. काठात उभे धागे दाट बसवलेले असतात आणि आडवा धागा कडेवरून मागं वळतो. म्हणून ती कड सुटत नाही.

इरकल हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथले विणकर अंग सुताचं आणि काठ-पदर रेशमाचे अशी लुगडी विणत. आपल्याकडच्या बायका ती वर्षानुवर्षं नेसत आल्या. पण लुगडं फाटलं म्हणून लगेच गोधडीत जात नसे. विरलेला मधला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडत. त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडंही विरलं की धडक्या भागाची बाळाला दुपटी होत आणि बाकीचं गोधडीत जाई. काठ मात्र वेगळा काढून, गुंडाळी करून ठेवलेला असे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. हळूहळू गिरणीचं आणि यंत्रमागाचं पातळ घरोघर पोचलं आणि गोधडीला नवे काठ मिळाले. मग दुसरं महायुद्ध आलं. कापडाची टंचाई झाली, १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. त्या 'कंट्रोल'च्या दिवसांत जुना काठ जपून ठेवणं ही काही हौस नव्हती.

पुढं पॉलिस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, लवकर वाळणाऱ्या. बायकांचे कष्ट त्यांनी कमी केले, हे खरं. पण सुती गोधडीला तो काठ जुळत नाही. सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि कडेला चुण्या पडतात. नवा सुती काठ घ्यायचा तर आधी रात्रभर भिजवून वाळवा. रंग जातो का, तेही तेव्हाच कळतं. कृत्रिम रेशमाचा काठ ओला असताना कमजोर होतो, तो पिळू नका. अनेकदा धुतलेला जुना सुती काठ सगळ्यांत बरा. त्याचं आटणंही झालेलं असतं आणि रंग जाणंही.

तर त्या ताईचं काय झालं? आमच्यातली सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाली, "अगं, तुझ्या आईनं स्वतःच्या आईचं लुगडं पेटीत ठेवलं होतं का?" ताई हसली. तिच्या लहानपणीच्या गोधडीला आजीचाच काठ होता, हे तिला आठवलं. मग तिनं स्वतः कात्री चालवली.

पण एक गोष्ट आम्ही नव्यानं केली. इतक्या गोधड्या शिवल्या गेल्या, कुणी शिवली आणि काठ कुणाचा, हे कशावरच लिहिलेलं नाही. म्हणून गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात ताईच्या आईचं नाव दोऱ्यानं घातलं, शेजारी ताईचं. आता गटातल्या प्रत्येक गोधडीवर आम्ही ते करणार आहोत.

तुमच्या घरातली जुनी गोधडी आज उलगडा. काठ कुणाच्या लुगड्याचा, हे सांगणारं माणूस घरात असेल तर आजच विचारून घ्या.