गजांच्या दोन्ही बाजूंना माणसंच



चोपड्याहून आपण जळगावला जातो ते दवाखान्याला, कोर्टाला, खरेदीला. तिथेच आपलं जिल्हा कारागृह आहे. 25 जुलै 2020, शनिवारची सकाळ. तीन कैद्यांनी रक्षकाला पिस्तुलाचा धाक दाखवला आणि ते पळाले. जिल्हाभर चर्चा झाली ती पळालेल्यांची. पिस्तुलासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरी त्या रात्री कोणाला झोप लागली असेल का? आपल्याच गटात एकीचा भाऊ आत असेल, दुसरीचा मुलगा फाटकावर पहारा देत असेल. म्हणून आज दोघांबद्दल बोलू.

हे कारागृह बांधलं दोनशे कैद्यांसाठी. अनेकदा आत दुपटीहून जास्त माणसं असतात. देशभरातही चारांतले जवळपास तीन कैदी कच्चे, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे. जागा कमी, पाणी कमी, तारीख लांबलेली. अशा गर्दीत मोजक्या रक्षकांनी शिस्त राखायची. मग एकाला दुसऱ्याची भीती वाटते, आणि भ्यालेला माणूस हात लवकर उचलतो.

पण आपल्याच खानदेशात वेगळंही घडलेलं आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि आपल्या अमळनेरचे शिक्षक साने गुरुजी कैदेत होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि कैदी ऐकत. गुरुजींनी ती 18 प्रवचनं लिहून घेतली. त्यांचंच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. किल्ल्या इंग्रज सरकारच्या हातात होत्या, तरी कैद्यांना बसू दिलं, बोलू दिलं, लिहू दिलं. कैदी एकत्र जमले की दंगाच होतो, असं नसतं.

आता मुंबईच्या भायखळ्याचा महिला तुरुंग. तिथे मंजुळा शेट्ये जन्मठेप भोगत होती. वागणूक चांगली म्हणून तिला वॉर्डर केलेलं होतं. कैदीच, पण इतर कैद्यांवर देखरेख करणारी. 23 जून 2017 ला सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. तिने तक्रार केली. त्यानंतर कर्मचाऱ्यांनी तिला बेदम मारलं, असा आरोप आहे. त्याच दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी आतल्या बायका पेटून उठल्या. काही छतावर चढल्या, कागद जाळले. दोनशेहून जास्त जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदला गेला, आणि सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

बघा, एक बाई जिवानिशी गेली, सहा जणी पहाऱ्यावरून थेट गजाआड गेल्या, आणि शेकडो कैदी बायकांच्या मागे आणखी एक खटला लागला. सुरुवात कशावरून? हिशोबावरून. आपल्या बचत गटात पन्नास रुपये कमी भरले तर आपण वही उघडतो, सगळ्यांसमोर मोजतो. जिथे वही उघडत नाही आणि विचारणाऱ्यालाच दटावलं जातं, तिथे राग साठतो. तो एक दिवस रक्षकावर निघतो, नाहीतर कैद्यावर.

म्हणजे रक्षकाची सुरक्षा आणि कैद्याचा मान एकाच धाग्याने बांधलेले आहेत. कैद्याने रक्षकावर हात टाकला तर तो गुन्हाच. रक्षकाने कैद्याला मारलं तर तोही गुन्हाच. शिक्षा न्यायालयाने द्यायची, काठीने नाही.

तुमच्या घरचं कोणी आत असेल तर भेटीत नुसतं जेवलास का, एवढंच विचारू नका. मारहाण होते का, वकील भेटला का, तेही विचारा. कैदेत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा 15100 वर फोन लावा. आणि जिचा मुलगा किंवा मुलगी पहाऱ्यावर आहे, तिने घरी आल्यावर त्यालाही विचारावं, “बाबा, आज दिवस कसा गेला?”

आज इथेच थांबू. राम राम.