वैडूर्य : नाव एक, रत्ने दोन

नाशिक, प्रतिनिधी

नवरत्नांची नावे घेताना माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नील आणि गोमेद इथपर्यंत सहसा कोणी अडखळत नाही. नवव्या रत्नाला मात्र दोन नावे आहेत. सराफी पेढीवर ते ‘लसण्या’, तर पोथीत ‘वैडूर्य’. ही दोन्ही नावे एकाच रत्नाची, असे आज सर्रास मानले जाते. प्राचीन वाङ्मयातील वैडूर्य मात्र बहुधा निराळेच रत्न होते.

लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल या खनिजाचा एक प्रकार. सोललेल्या लसणीसारख्या रंगामुळे त्यास हे नाव पडले. त्यात मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशाची रेघ फिरते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षाच्या वापीत मात्र सोन्याच्या कमळांना वैडूर्याचे देठ आहेत. कमळाचा देठ हिरवा. तेव्हा कवीच्या डोळ्यापुढे हिरवट, नितळ असे बेरिल असावे. ‘राजनिघंटु’ या ग्रंथात वैडूर्याच्या तीन छटा येतात : वेळूच्या पानाची, मोराच्या कंठाची आणि मांजराच्या डोळ्याची. पुढे यांतील तिसरी छटाच लोकांच्या लक्षात राहिली.

या शब्दाची चर्चा पाणिनीइतकी जुनी आहे. ‘विदूर’ या स्थलनामापासून त्याने हा शब्द साधला. त्यावर पतंजलीने शंका काढली, की हे रत्न निघते वालवाय पर्वतात. विदूर येथे त्याला केवळ पैलू पाडतात. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेकांचा कल द्राविडी मुळाकडे आहे. पाली ‘वेळुरिय’ आणि अर्धमागधी ‘वेरुलिय’ ही रूपे संस्कृत शब्दाहून मुळाच्या अधिक जवळची असावीत, असे ते मानतात.

खनिजशास्त्रही दक्षिणेकडेच बोट दाखविते. द्वारका चौकातून पुणे रस्त्याने सिन्नरला गेल्यास ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय लागते. आपल्या बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत मिळणारी झिओलाइट, अपोफिलाइट यांसारखी स्फटिके तेथे पाहावयास मिळतात. बेरिल या खडकात होत नाही. ते प्रामुख्याने ग्रॅनाइटशी निगडित पेग्मटाइट खडकात सापडते. तमिळनाडूतील कोइमतूर परिसरातील पडियूरची खाण त्यासाठी प्रसिद्ध होती आणि याच परिसरात रोमन नाणीही मोठ्या संख्येने मिळाली आहेत. बेरिल भारतात होते, अन्यत्र क्वचितच, अशी नोंद रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात करून ठेवली आहे.

त्या काळी यवन, म्हणजे ग्रीक, नाशिकलाही अपरिचित नव्हते. द्वारकेहून मुंबईच्या दिशेने गेल्यावर लागणाऱ्या पांडवलेण्यांपैकी १७ क्रमांकाचे लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दान केल्याचे तेथील प्राकृत शिलालेखात नमूद आहे. अशा संपर्काच्या काळातच प्राकृत शब्द ग्रीकांत ‘बेरिलॉस’ झाला. त्यावरून लॅटिन ‘बेरिलस’ आला. पुढे चष्म्याची भिंगे बेरिलची वा स्फटिकाची घडविली जात, म्हणून जर्मन भाषेत चष्म्यालाच ‘ब्रिल’ म्हणू लागले. चीनमध्ये हाच शब्द ‘लिउली’ होऊन काचेचा वाचक बनला.

पश्चिमेला गेलेला शब्द फारसी ‘बिल्लूर’च्या रूपाने आपल्याकडे परतला, असे अभ्यासक मानतात. आपला ‘बिलोरी’ आरसा आणि ‘बिलोरी’ बांगड्या याच कुळातील. म्हणजे पोथीतील वैडूर्य आपणांस परके वाटले, तरी त्याचे वंशज घराघरांत नांदत आले आहेत.

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. बेरिल आणि क्रायसोबेरिल या दोहोंत बेरिलियम असले, तरी पहिले सिलिकेट आणि दुसरे ऑक्साइड आहे. त्यांचे काठिण्य भिन्न, तशीच किंमतही. तिबेटी बौद्ध परंपरेतील वैडूर्याचा अनुवाद तर अनेकदा ‘लाजवर्द’ असा होतो, ते तिसरेच रत्न. त्यामुळे ‘वैडूर्य’ म्हणून खडा घेणाऱ्याने पारंपरिक नावावर विसंबू नये. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर खनिजाचे नाव काय लिहिले आहे, ते आधी वाचावे.