नळाच्या पाण्यातला निरोप

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आणि दूध आठवते. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडायचे, तर पेशीला आतून हुकूम देतो तोही कॅल्शियमच. या ज्ञानाचे श्रेय बहुधा अलीकडच्या चमकत्या रंगद्रव्यांना दिले जाते. जुने शोधनिबंध लावून वाचल्यावर माझे मत वेगळे झाले. कॅल्शियम दिसण्याच्या कितीतरी आधी, ते काढून घेतल्यावर काय अडते यावरून त्याची ओळख पटली होती.

सुरुवात लंडनची. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवत असत. द्रावणाचे पाणी मात्र ऊर्ध्वपातित नसून नळाचे होते, हे त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले. शुद्ध पाणी वापरताच ठोके मंदावले. कॅल्शियम घालताच परतले.

१९६१ मध्ये विल्यम डग्लस आणि रॉनल्ड रुबिन यांनी मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीवर हीच रीत वापरली. कॅल्शियम नसेल, तर चेतना मिळूनही स्राव होत नाही. १९६४ मध्ये डग्लस आणि पॉइझनर यांनी उंदराच्या पियूषिकेच्या मागील भागात व्हॅसोप्रेसिनबाबत तेच दाखवले.

उणे करून गरज कळते, लय कळत नाही. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. म्हणून दार किंचित किलकिले झाले तरी आत खळबळ उडते. १९७५ मध्ये किदोकोरो यांनी प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशींत कॅल्शियमचे विद्युतस्पंद आपोआप उठताना टिपले. रॉजर त्सिएन यांच्या गटाचे फ्युरा-२ हे रंगद्रव्य १९८५ मध्ये आले. त्यानंतर जननग्रंथींना चेतवणाऱ्या पियूषिका-पेशींतही कॅल्शियमच्या लाटा दिसल्या. त्या पेशीच्या आतल्या साठ्यातून उसळतात.

लय हा बारकावा नव्हे. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवले, की मेंदूकडचे संप्रेरक तासातासाने दिले तर पियूषिका साथ देते, अखंड दिले तर गप्प होते. त्याच आधारावर आज वंध्यत्वात ते ठोक्याठोक्याने देता येते आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांत त्याच जातीचे औषध सतत देऊन ती प्रक्रिया थोपवता येते.

रंगद्रव्याने लाट दाखवली. तिच्याकडे पाहायला हवे, हे मात्र नळाच्या पाण्याने शंभर वर्षे आधीच सांगितले होते.