मोशेचा भार आणि इथ्रोचा सल्ला

मी शाळेत फार शिकलो नाही. वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री. त्या वाचनात यहुदी लोकांचा 'तोरा' हा पाच पुस्तकांचा धर्मग्रंथ आला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात 'शनिवार तेली' या नावाने ओळखले गेलेले आपले बेने इस्राएल बांधव याच ग्रंथाला मानतात. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना मोशे वाळवंटातून नेतो, ही त्यातली मुख्य कथा. या प्रवासाचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही, आणि ग्रंथ अनेक हातांनी, अनेक काळांत घडला, असे बहुतेक आधुनिक अभ्यासक मानतात. तेव्हा मी तिच्याकडे बखर म्हणून पाहत नाही. एका समाजाने आपल्या पुढाऱ्यांविषयी करून ठेवलेला तो विचार आहे.

'निर्गम' या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो भेटीस येतो. तो मिद्यानी पुरोहित, म्हणजे बाहेरचा माणूस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा न्यायनिवाडा करीत बसला आहे आणि लोक ताटकळत उभे आहेत, हे पाहून तो म्हणतो, की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. देवाला भिणारी, लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. त्यांना हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नेम. मोठे तंटे तेवढे तुझ्याकडे येऊ देत. मोशे हे ऐकतो.

इतकी साधी गोष्ट मोशेला आधी का सुचली नाही? त्याचे उत्तर असे, की लोक माझ्याकडेच येतात. यात गर्व नाही. लोकांनाच एक माणूस हवा असतो, आणि आपण हवेसे आहोत ही जाणीव पुढाऱ्याला गोड लागते. दुसरे कारण भीतीचे. पुढे मोशे 40 दिवस सीनाय पर्वतावर गेला, तेव्हा तंटे सोडविण्याचे काम त्याने अहरोन व हूर यांच्यावर सोपविले होते. परत येऊन पाहतो तो लोक सोन्याच्या वासराभोवती नाचत आहेत! जाब विचारल्यावर अहरोन सांगतो, मी सोने विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले. असा अनुभव एकदा आला, की पुढारी मनात म्हणतो, पुन्हा कोणावर विसंबणे नको.

मीही तसेच म्हटले होते. एका सहकाऱ्याने वर्गणीचा घोळ केला, तेव्हापासून संघटनेचे सारे कागद मी माझ्या ट्रंकेत ठेवू लागलो. एका वर्षी विषमज्वराने तीन आठवडे अंथरुणाला खिळलो. कामगार न्यायालयाची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. दोन बदली कामगारांचा दावा गैरहजेरीत निकालात निघाला. त्यांची नोकरी माझ्या ट्रंकेत कुलूपबंद होती.

'गणना' या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात मोशेही कोसळतो. लोक मांसासाठी, इजिप्तमधल्या काकड्या, कांदे, लसूण यांच्या आठवणीने रडत आहेत; आणि तो देवाला विचारतो, या लोकांना मी का जन्म दिला? यापेक्षा मला मारून टाक. दहा-दहांवर नेमलेले अधिकारी होतेच की! पण माझ्या मते, वाटले गेले होते ते तंटे. लोकांची काळजी वाटली गेली नव्हती. म्हणून आता 70 वडीलधाऱ्यांना मोशेवरच्या आत्म्याचा वाटा मिळतो. 11 व्या शतकातील भाष्यकार राशी म्हणतो, की एका दिव्याने इतर दिवे लावले, तरी त्याचा उजेड कमी होत नाही. एल्दाद व मेदाद हे दोघे छावणीतच संदेश देऊ लागतात, तेव्हा यहोशवा त्यांना थांबवा म्हणून धावतो. मोशे उलट त्यालाच विचारतो, माझ्यासाठी तू मत्सर करतोस काय? सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरे!

'अनुवाद' या पाचव्या पुस्तकात म्हातारा मोशे नेमणुकीची हीच हकीकत पुन्हा सांगतो. तिथे इथ्रोचे नाव नाही. आणि शहाणी, जाणती माणसे तुम्हीच निवडून द्या, असे मी लोकांना म्हणालो, असे तो सांगतो. 'निर्गमा'त मोशे निवडतो. इथे लोक निवडतात. संघटनेच्या माणसाला हा फरक फार मोलाचा आहे. वरून नेमलेला माणूस पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. खालून निवडलेल्याला लोकांना जाब द्यावा लागतो.

शेवटी वारस नेमण्याची वेळ येते. देव सांगतो, यहोशवावर तुझा हात ठेव. मोशे दोन्ही हात ठेवतो. एका हाताने देणारा पुढारी दुसऱ्या हाताने किल्ली धरून ठेवतो, हे मला त्या दोन कामगारांच्या दारी उभे राहून कळले. त्या आठवड्यात मी ट्रंक उघडली आणि कागद खात्याखात्यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हवाली केले. पुढे चुका झाल्या. पण तारीख पुन्हा चुकली नाही.